सहलीच्या कागदावर सही करण्याआधी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की आठ-पंधरा दिवसांत मुलांच्या दप्तरातून एक कागद घरी येतो. वर शाळेचे नाव, मधे सहलीचे ठिकाण आणि फी, आणि अगदी तळाशी पालकांच्या सहीसाठी रेघ. मूल तो कागद अब्बांपुढे ठेवते ते रात्री जेवणे झाल्यावर, त्यांचा मूड पाहून. किंवा आधी अम्मीकडे वशिला लावून. मग घरात दोन-तीन प्रश्न होतात. फी किती? मुक्काम आहे का? शेजारची कोण कोण जाणार? शेवटी एक तर सही होते, नाहीतर "पुढच्या वर्षी बघू" असे म्हणून कागद परत दप्तरात जातो. आमच्या मते होकार आणि नकार दोन्ही फार घाईत दिले जातात. ईदच्या चपला निवडायला आपण याहून जास्त वेळ घेतो.

नकाराचेच आधी बोलू, कारण आपल्या घरांत तो अधिक वेळा दिला जातो आणि बहुतेक वेळा मुलीच्या वाट्याला येतो. १ फेब्रुवारी २०१६ चा दिवस पुष्कळ वाचकांना आठवत असेल. पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरुडच्या किनाऱ्यावर आली होती. मुले पाण्यात उतरली आणि १४ विद्यार्थी बुडाले. त्यांत मुली जास्त होत्या, आणि आपल्या समाजातली मुलेही बरीच होती. त्यानंतर कित्येक घरांत सहल हा शब्दच काढायचा नाही असे ठरले. आईबापांच्या काळजाला आम्ही दोष देत नाही. पण त्या निर्णयाचे पुढे काय झाले तेही पाहायला हवे. मुलगी घरी राहिली. मुलगा मात्र रविवारी मित्रांच्या मोटारसायकलवर बसून धरणावर गेला. तिथे शिक्षक नाही, यादी नाही, पोहता येणारा कोणी नाही आणि घरी खबरही नाही. सहल बंद केल्याने धोका गेला असे आम्हाला वाटत नाही. तो फक्त आपल्या नजरेआड गेला.

म्हणून सही करायची की नाही हे ठरवण्याआधी, आपण नेमके कशाला भितो हे समजून घेऊ. सहलीतले मोठे अपघात बहुतेक दोनच जागी होतात, पाण्यात आणि रस्त्यावर.

समुद्रापासून सुरुवात करू. रत्नागिरी-रायगडच्या आमच्या कोकणी वाचकांना हे सांगणे म्हणजे मासळी विकणाऱ्याला मासे ओळखायला शिकवणे आहे, पण पुणे, सोलापूर, जालना, नांदेडकडची मुले समुद्र पहिल्यांदा पाहतात ती सहलीतच. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. कालच्या सहलीला अकरा वाजता जो किनारा चांगला होता तो उद्याच्या सहलीला अकरा वाजता तसाच असेल असे नाही. ज्यांच्या घरी महिन्याचा चांद पाहिला जातो त्यांना पुढचे समजायला अवघड नाही. चांद दिसतो त्या सुमारास आणि पुन्हा चौदा-पंधराच्या आसपास समुद्राला उधाण असते. सात-आठ आणि एकवीस-बावीसच्या सुमारास पाणी कमी चढते-उतरते, त्याला कोकणात भांग म्हणतात.

आता मुरुडची तारीख पाहा. २०१६ च्या जानेवारीत पौर्णिमा २४ तारखेला होती आणि अमावस्या ८ फेब्रुवारीला. म्हणजे १ फेब्रुवारीला चांद एकवीस-बावीसच्या घरात होता. ते दिवस उधाणाचे नव्हतेच. आज उधाण नाही, लाटा लहान आहेत, तेव्हा मुलांना उतरू द्यायला हरकत नाही, असे म्हणणाऱ्या सरांना आणि पालकांना ही एक गोष्ट पुरेशी व्हावी. ओहोटीचे पाणी आत खेचते ते लहान लाटांतही. शिवाय लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाताना एखादी चिंचोळी वाट धरते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी शांत आणि थोडे गडद दिसते, आणि अनोळखी मुलांना तीच जागा सर्वांत सुरक्षित वाटते. तिथे पाय सुटला तर किनाऱ्याकडे सरळ पोहत येण्याची धडपड करू नये. त्यात चांगला पोहणाराही दमतो. अंग मोकळे सोडून तरंगावे, हात वर करावा, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे. ओढ संपली की मग आत यावे.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. बुडणारे माणूस सिनेमात ओरडते तसे ओरडत नाही. त्याला श्वास घ्यायचीच मारामार असते. दहा हातांवर एखादी मुलगी बुडत असेल आणि बाजूच्या मैत्रिणीला ती खेळते आहे असे वाटेल. म्हणूनच "मुलांवर लक्ष ठेवा" असे सगळ्या शिक्षकांना एकदम सांगून काही साधत नाही. पाण्याकडे तोंड करून उभा राहणारा एक माणूस ठरलेला हवा. त्याने फोटो काढायचे नाहीत, चहा प्यायचा नाही, फोन घ्यायचा नाही. त्याच्या हाताशी जाड दोर आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा पाच लिटरचा कॅन असला तर कोणाला आत उडी न मारताही मदत पाठवता येते. एकाला वाचवायला गेलेले दोन-तीन जण बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचायला मिळतात. कपड्यांचेही सांगायला हवे. भिजलेली ओढणी, बुरखा, जीन्स पायांत आणि हातांत अडकतात. घोट्यापर्यंत पाय भिजवणे वेगळे आणि कंबरेपर्यंत जाणे वेगळे. मुलीला घरून निघतानाच ही हद्द सांगून ठेवा.

कर्नाटकात मुरुडेश्वरच्या किनाऱ्यावर डिसेंबर २०२४ मध्ये सहलीला आलेल्या चार शाळकरी मुली अशाच गेल्या. नदीचे उदाहरण याहून भयंकर आहे. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात बियास नदीच्या कोरड्या खडकांवर हैदराबादचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी फोटो काढत होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडले गेले आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. त्यांतले कोणी पोहायला उतरले नव्हते. आपल्याकडे धरणांखाली पसरलेले खडक सहलींची आवडती जागा असतात. वर आभाळ निरभ्र असले तरी पाणी येऊ शकते, हे मुलांना सांगावे लागते, कारण ते डोळ्यांना दिसत नाही.

होडीचा प्रवास हा मुलांच्या दृष्टीने सहलीचा कळस असतो. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने जाताना मोठ्यांच्याही अंगावर काटा येतो, आणि सिद्दींचा तो किल्ला आपल्या मुलांनी पाहावा असेच आम्ही म्हणू. पण प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, त्याचे बंद बांधलेले, आणि होडीत ठरल्यापेक्षा एकही माणूस जास्त नाही, या गोष्टी नसतील तर किल्ला किनाऱ्यावरून पाहावा. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात होडी उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका मरण पावल्या. तो समुद्र नव्हता, शहरातला तलाव होता. क्षमतेपेक्षा जास्त मुले बसवली होती आणि पुष्कळांच्या अंगात जॅकेट नव्हते. "एकाच फेरीत सगळी बसतील" हे वाक्य होडीवाल्याकडून आले की शिक्षकाने नाही म्हणायचे असते. ते म्हणण्याची हिंमत त्याला पालकांनी आधीच द्यायला हवी. उशीर झाला तर आम्ही तक्रार करणार नाही, असे सभेत सांगून टाकावे.

रस्त्याचे धोके आपल्याला ओळखीचे वाटतात, म्हणून त्यांची भीती कमी वाटते. सहलीचा कार्यक्रम पाहा. रात्री दहाला निघणे, पहाटे पोहोचणे, दिवसभर फिरणे, पुन्हा रात्री परत. यात मुक्कामाचे पैसे वाचतात. पण मुले झोपतात आणि ड्रायव्हर जागतो, आणि दुसऱ्या दिवशी मुले फिरत असताना तो तापलेल्या बसमध्ये कसाबसा डोळा लावतो. ५ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री केरळात वडक्कनचेरीजवळ सहलीची खासगी बस पुढच्या सरकारी बसवर आदळली. ९ जण गेले, त्यांत ५ शाळकरी मुले होती. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा ड्रायव्हरचे काम साधारणपणे दिवसाला ८ तास धरत असे आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगत असे. सहलीचा कागद हातात आला की हे तास स्वतः मोजा. रात्रीचा प्रवास असेल तर शाळेकडे पहिला आग्रह तो बदलण्याचा धरा. नाहीच बदलत तर दुसरा ड्रायव्हर कोण, हे विचारा.

एसटीची बस शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्यात मिळते. तरीही कित्येक शाळा खासगी बस ठरवतात, कारण तिच्यात गाणी वाजतात आणि पडदे असतात. मुलांनाही तीच हवी असते. आमचा कौल एसटीकडे आहे. खासगी बस घेतलीच तर परवाना, विमा, फिटनेस यांच्या प्रती शाळेने आधी घेतलेल्या असाव्यात, जितक्या सीट तितकीच मुले असावीत, आणि संकटकाळी बाहेर पडण्याचा दरवाजा कुठे आहे व तो उघडतो का, हे निघण्यापूर्वी मुलांना दाखवावे. पुष्कळदा त्या दरवाज्यासमोरच जेवणाची पातेली आणि बॅगा रचलेल्या असतात.

आता त्या सहीच्या रेघेबद्दल. अनेक संमतीपत्रांत एक ओळ असते की काही बरेवाईट झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. गरीब आईबाप ती वाचून घाबरतात किंवा न वाचता अंगठा उठवतात. त्यांना हे कळले पाहिजे की हयगयीची जबाबदारी एवढ्या एका ओळीने झटकता येत नाही. १९९५ मध्ये पंजाबातल्या एका शाळेची मुले बियास नदीकाठी सहलीला गेली होती. १४ मुले बुडाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००१ मध्ये न्यायालयाने प्रत्येक मुलाच्या पालकांना ५ लाख रुपयांची भरपाई कायम केली. सोबतच्या शिक्षकांनी मुलांची काळजी घेण्याचे कर्तव्य पाळले नाही आणि शाळा त्याला बांधील आहे, असा त्याचा अर्थ. भरपाईने मूल परत येत नाही हे खरे, पण या निकालामुळे पालकांचे प्रश्न म्हणजे आगाऊपणा नसून तो त्यांचा हक्क आहे एवढे तरी स्पष्ट होते. आपल्या राज्यातही मुरुडनंतर शिक्षण विभागाने सहलींच्या अटी कडक केल्या. परवानगी, पालकांची संमती, पुरेसे शिक्षक, मुलींसोबत शिक्षिका, धोक्याच्या पाण्यापासून आणि कड्यांपासून दूर राहणे, प्रथमोपचाराची सोय, असे सगळे त्यांत आहे. शाळेला त्या परवानगीची प्रत दाखवायला सांगा. "नसीब" हा शब्द आपण फार लवकर काढतो. तवक्कलचा अर्थ उंट मोकळा सोडणे नव्हे, हे मक्तबात जाणाऱ्या पोरालाही शिकवलेले असते.

बाकी प्रश्न साधे आहेत. सहलीची जागा कोणा शिक्षकाने आधी जाऊन पाहिली आहे का? नुसती मोबाईलवर पाहिलेली चालत नाही. शौचालय उघडे असते की कुलूपबंद, पिण्याचे पाणी कुठे, सरकारी दवाखाना किती लांब, मोबाईलला रेंज आहे का, हे तिथे उभे राहूनच कळते. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे, आणि त्या दहांना आपले शिक्षक कोणते हे बसमध्ये चढण्यापूर्वी माहीत असावे. मुलांच्या जोड्या लावल्या तर मोजणी सोपी होते. "सगळे आले का?" या प्रश्नाला मुले नेहमी हो म्हणतात. "तुझी जोडीदार कुठे आहे?" याला खरे उत्तर मिळते. नावांची यादी दोन ठिकाणी हवी, एक बसमध्ये आणि एक शाळेत राहणाऱ्या माणसाजवळ.

किल्ल्यावर आणि लेण्यांत जाणाऱ्या मुलांना आपण घसरण्याबद्दल सांगतो, मधमाश्यांबद्दल विसरतो. कड्याला किंवा छताला लागलेले आग्या मोहोळ धुराने, दगडाने, आरड्याओरड्याने उठते, आणि उग्र वासानेही. सहलीच्या दिवशी अत्तर आणि स्प्रे घरी ठेवा. हे आमच्या तरुण वाचकांना पटणार नाही, पण मधमाश्यांनाही ते पटत नाही. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड-डोके ओढणीने किंवा शर्टाने झाकून लांब निघून जावे. साप चावला तर चिरणे, चोखणे, करकचून बांधणे काही करू नये. पाय हलू न देता मुलाला उचलून सरकारी रुग्णालयात न्यावे. बुडालेल्याला बाहेर काढले तर पोट दाबण्यात किंवा उलटे टांगण्यात वेळ घालवू नये. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे हे ताबडतोब सुरू करावे लागते, आणि ते येणारा एक तरी शिक्षक सोबत असावा. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही संकटात ११२, आणि समुद्रावर तटरक्षक दलासाठी १५५४.

मुलाला दमा असेल, झटके येत असतील, कशाची ॲलर्जी असेल तर ते लपवू नका. मुलीच्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील म्हणून आकडीचा आजार लपवणारी घरे आम्हाला ठाऊक आहेत. सोबतच्या शिक्षिकेला एकटे गाठून सांगा आणि औषध तिच्या हातात द्या. पाळी येणाऱ्या वयाच्या मुलीच्या पिशवीत लागणारे सामान अम्मीने स्वतः घालावे. मुक्कामाच्या सहलीत मुली कुठे झोपणार, त्यांच्या खोलीजवळ कोणती शिक्षिका असेल, हे विचारताना संकोच करू नका. जी शाळा याचे नीट उत्तर देते तिच्यावर भरवसा ठेवून मुलीला पाठवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जेवणावरून नाराज होण्यापेक्षा आधीच बोलणे बरे. शाकाहारी जेवण ठरवले की सगळ्यांची सोय होते, आणि पहिल्या दिवसाचा डबा घरचाच असावा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सध्या तो सहलींच्या हंगामातच येऊ लागला आहे. तारीख ठरण्यापूर्वी कोणीतरी शाळेला हे कॅलेंडर दाखवले तर बहुतेक मुख्याध्यापक ऐकतात, नंतर तक्रार केली तर ऐकत नाहीत. फीचे म्हणाल तर वर्गातली दोन-चार मुले "मला यायचेच नाही" म्हणतात, तेव्हा त्यांतल्या एखाद्याच्या घरात पैसे नसतात. मोहल्ल्यातल्या चार सुखी घरांनी गुपचूप ती फी भरावी. मुलाला कळू न देता.

आणि सहल लांबचीच हवी असे कोणी सांगितले? मराठवाड्यातल्या मुलांनी पाणचक्की पाहावी. मातीच्या नळांतून लांबच्या डोंगरातले पाणी आणून त्याच्या जोरावर जाते फिरवले, हे सहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा तिथे उभे राहून लवकर समजते. या शहराला नहरीने पाणी आणणाऱ्या मलिक अंबरची कबर जवळच खुलताबादला आहे. दौलताबादची अंधारी मुलांना फार आवडते. तिथे एका वेळी एकच गट आत न्यावा, पुढे-मागे बॅटरी घेतलेला माणूस असावा आणि कोणी मजेत "भूत आले" असे ओरडू नये, कारण अंधाऱ्या पायऱ्यांवर पळापळ झाली तर सावरणे कठीण. लोणारचे विवर, जवळचे दूधसंकलन केंद्र, पोस्टाचे कार्यालय, रोपवाटिका, यांनाही सहल म्हणतात. पहिली-दुसरीच्या मुलांना तर एवढे पुष्कळ झाले.

शेवटची चौकशी परतीची. कागदावर "रात्री नऊपर्यंत परत" असे छापलेले असते आणि बस साडेअकराला येते. तोपर्यंत शाळेच्या फाटकाशी काही अब्बा रिक्षा थांबवून उभे असतात. काहींच्या मुली मात्र "जवळच तर घर आहे" म्हणून एकट्या निघतात. ज्याचे मूल त्याच्या हाती सोपवून यादीवर खूण करेपर्यंत शिक्षकाने फाटक सोडायचे नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. आणि बसमधून उतरलेल्या मुलांना त्या रात्री काही विचारू नये. जेवायला द्यावे, झोपू द्यावे. गोष्टी दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सुरू होतात आणि आठवडाभर पुरतात.